पाणी गोडं आहे का, ओव्हर

पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी राजस्थानात होतो. चारी बाजूंना वाळू, आणि ऑर्डरवर लिहिलेलं: मित्रदेशात प्रतिनियुक्ती, सिग्नल डिटॅचमेंट. देशाचं नाव मी तोवर ऐकलेलं नव्हतं. कंपनी ऑफिसातल्या नकाशावर शोधलं, तर हिंदी महासागरात मोहरी सांडावी तसे चार ठिपके दिसले. क्लार्कनं विचारलं, "कराळे, तैरना आता है?" मी म्हणालो, "उल्हास नदीत शिकलोय." तो म्हणाला, "चलेगा," आणि शिक्का मारला.

त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. आम्ही तिथं पाहुणे होतो, आणि पाहुण्यानं यजमानाच्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगताना जपून सांगावी, असं माझं मत आहे. गोष्ट मात्र सांगणार आहे. गेल्या वर्षी खालापूरला आमच्या भागातल्या माजी सैनिकांचा मेळावा झाला. तिथं शेवटी आम्ही गेलेल्या साथीदारांची नावं घेतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "सार्जंट आंतोन." एक सुभेदारसाहेब, सर्व्हिसमध्ये मला सीनियर, लगेच म्हणाले, "ह्यो कंच्या पलटनीचा?"

"आपल्या फौजेचा नाय साहेब. तिकडचा व्हता."

"मंग इथं कशाला त्याचं नाव?"

भांडण झालं नाही. चहा आला आणि विषय मिटला. पण मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही. सुभेदारसाहेब माणूस चांगला आहे, त्यांना फक्त माहीत नाही. म्हणून लिहितो.

जायच्या आधी मी सुट्टीवर पोशीरला आलो. भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर बाळूकाका, माझे चुलते, पेंढा बाजूला सारता सारता म्हणाले, "मंग तिथं भात पिकतो का नाय रं?"

"नाय पिकत, काका. जमीनच नाय तेवढी."

"मंग खातात काय?"

"बोटीनं येतो तांदूळ. आपल्याकडनंबी जातो. कांदे-बटाटेबी आपलेच."

काकांना हे पटलं नाही. स्वतःचा भात नाही तो देश कसला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग विचारलं, "राजा हाय का तिथं?"

"राष्ट्रपती हाय. मतदानानं निवडतात."

"आणि पानी?"

माझी बायको कुंदा पाट्यांत भात भरत होती, ती म्हणाली, "अवो, पान्याचं काय इचारता? सगळं पानीच हाय की तिथं." सगळे हसले. मीही हसलो.

तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जे कळलं ते असं. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके घेतले तर त्या देशाची सगळी जमीन त्यात मावेल आणि वर रिसॉर्टांना जागा उरेल. पण समुद्र त्यांचा इतका मोठा, की आमची गस्तीची बोट दिवसभर चालली तरी आपण त्यांच्याच देशात. राजधानीचं बेट डोंगराचं आहे. पाऊस पडतो, ओढे आहेत, आंबा-फणस आहे. माथेरानच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. बाकीची लांबची बेटं मात्र पोवळ्याची, सपाट. आमच्या खाचराचा बांध जेवढा वर असतो तेवढीच त्यांची उंची. त्यावर नारळ, घरं, एक शाळा, एक चर्च, आणि बेटाभोवती पोवळ्याच्या खडकाचं कडं, त्याला रीफ म्हणतात. रीफच्या आत पाणी शांत, बाहेर समुद्र. बोटीला आत यायला त्या कड्यात एकच फट असते.

पैसा दोन गोष्टींतून येतो: ट्यूना मासा आणि टूरिस्ट. बाकी सगळं जहाजातून उतरतं. तांदूळ, डिझेल, औषध, शाळेचा खडू, घर बांधायला खडी. जहाज उशिरा आलं की अख्ख्या देशाची चूल मंदावते. सरकार इतकं जवळचं, की अर्थमंत्री सकाळी मासळीबाजारात पिशवी घेऊन उभा दिसायचा आणि कोळीण त्याला भावावरून झापायची. आपल्याकडं तलाठी भेटायला आठवडा जातो. मला ते फार आवडलं, हे कबूल करतो.

आमची टीम लहान. कॅप्टन राठी टीम कमांडर, मी हवालदार, रेडिओवर, आणि पाणी गोडं करायच्या मशीनवर एक मेकॅनिक. मुक्काम एका लांबच्या सपाट बेटावर. तिथं त्यांच्या फौजेची एक तुकडी होती, तिचा प्रमुख सार्जंट आंतोन. काळासावळा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा. बोलायचा तेव्हा चिमटा काढायचा. त्याला 'कराळे' म्हणता यायचं नाही, तो मला 'काराले' म्हणे. मीही मग त्याला 'अंतू' म्हणायला लागलो. आमच्याकडं अंतू नावाचा एक तमाशातला सोंगाड्या होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

रूटीन साधं होतं. सकाळी सगळ्या बेटांना रेडिओ चेक. हवा, समुद्र, बोटी, आजारी माणसं. बोलणं इंग्रजीत, कारण आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना आमची. दुपारी ट्रेनिंग. संध्याकाळी आंतोन गळ टाकून बसायचा आणि मी शेजारी बसून त्याला पकडता न आलेले मासे मोजायचो. त्याची बायको लीझ आणि लहान मुलगी मीना पलीकडच्या बेटावर राहत, त्याच्या आईकडं. "मीना नाव आमच्याकडंही असतं," मी म्हणालो. तो म्हणाला, "मग तुम्ही आमच्याकडून घेतलं असेल."

पाण्याचं कोडं त्यानंच उलगडून दाखवलं. पोवळ्याच्या जमिनीत पावसाचं पाणी मुरतं. ते खाऱ्या पाण्याहून हलकं, म्हणून जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. विहीर तेवढ्या सायीपुरतीच खणायची. आमच्याकडं विहिरीचं पाणी गेलं की माणूस आणखी खोल जातो. तिथं खोल गेलं की खारं लागलंच. आंतोन म्हणाला, "इथं हावरटपणा जमिनीलाच चालत नाही."

मग ती लाट आली. वादळ नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं. कुठंतरी दूर दक्षिणेला समुद्र खवळला होता आणि त्याची फुगी उधाणाच्या भरतीला येऊन मिळाली. दिवसाढवळ्या समुद्र रीफवरून चढला, नारळांतून आला, घरांतून गेला आणि ओसरला. आमच्या बेटावर गुडघाभर पाणी फिरलं. जीवहानी नाही. पण विहिरींत समुद्र शिरला होता.

कॅप्टनसाहेबांनी लगेच सगळ्या बेटांचा रिपोर्ट मागितला. आंतोन तेव्हा धक्क्यावर होता, सुटलेल्या बोटी बांधत. माइक साहेबांच्या हातात, मी सेटवर. उत्तरेच्या बेटानं सांगितलं, विहीर गेली, पाणी नाही. मग पलीकडचं बेट. तिथं रेडिओवर शाळेचे म्हातारे मास्तर बसत.

"तुमचं पाणी फ्रेश आहे का? ओव्हर."

"फ्रेश आहे सर. आज सकाळीच काढलं. ओव्हर."

"रॉजर."

मोठी बोट एकच. साहेबांनी ती पाण्याचे ड्रम भरून उत्तरेला पाठवली. हातात जी माहिती होती तिच्यावर निर्णय बरोबर होता. त्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दोन दिवसांनी सकाळच्या चेकला मास्तरांचा आवाज बारीक आला. "मुलं आजारी आहेत सर. उलट्या. औषध पाहिजे. ओव्हर."

"काय खाल्लं मुलांनी?"

"दूध सर. पावडरचं."

"पाणी?"

"फ्रेश सर. रोज सकाळी फ्रेश."

रोज सकाळी फ्रेश. हे शब्द माझ्या कानात अडकले. माझी मावशी पेणच्या खारपाटात दिलेली. लहानपणी तिच्याकडं गेलो की घरात पाऊल टाकायच्या आधी ती विचारायची, "गोडं पानी आनलंस का रं?" कारण तिच्या गावच्या विहिरी खाऱ्या. आमच्या भाषेत पाणी ताजं आहे का असं कुणी विचारत नाही. गोडं का खारं, एवढंच. इंग्रजीत गोड्या पाण्याला फ्रेश म्हणतात हे मला फौजेत कळलं. आणि ज्या बेटावर सगळं आयुष्य मासळीत जातं तिथं फ्रेश कशाला म्हणत असतील? आज पकडलेल्याला. आज काढलेल्याला.

मी म्हणालो, "सर, गोडं आहे का विचारा."

"मतलब?"

"मीठा, सर. स्वीट. पाणी स्वीट आहे का, असं विचारा."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय. पण माइक दाबला. "मास्तर, पाणी स्वीट आहे का? ओव्हर."

मग मास्तरांनी एका दमात सांगितलं, "नो सर. नॉट स्वीट. लाटेच्या दिवसापासून स्वीट नाही. खारं आहे. पावसाची टाकी फुटली. मोठी माणसं नारळावर आहेत. मुलांचं दूध विहिरीच्याच पाण्यात करतो. बोट येईल म्हणून थांबलो होतो. ओव्हर."

आंतोन दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. तो मला म्हणाला, "आम्ही दू म्हणतो. दू म्हणजे गोड. तुम्हीपण पाण्याला गोडच म्हणता?"

"हो."

त्यानं मान हलवली. मधे कुणा तिसऱ्याचीच भाषा बोलत बसलो होतो आम्ही, आणि तिकडं लेकरं खारं दूध पीत होती. मला त्या क्षणी त्या शब्दाचा इतका संताप आला की सेट उचलून फेकावासा वाटला. कॅप्टनसाहेबांनी माइक खाली ठेवला आणि एकच वाक्य म्हणाले, "सवाल मैंने पूछा था."

पुढं काय करायचं हे ठरवायला वेळ नव्हता. मोठी बोट दुसऱ्या दिवसाखेरीज परत येणार नव्हती. राजधानीला एकुलतं एक हेलिकॉप्टर होतं, त्याचा सुटा भाग जहाजातून यायचा होता. आमच्याकडं राहिली एक छोटी बोट. आणि फुगी अजून उतरलेली नसल्यानं पलीकडच्या बेटाच्या फटीत लाटा फुटत होत्या. छोटी बोट त्यातून आत जाणं शक्य नव्हतं. साहेब म्हणाले, "उद्यापर्यंत थांबावं लागेल."

आंतोन म्हणाला, "आत जायची गरज नाही सर."

त्यानं जे सांगितलं ते मी तसंच लिहितो. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं. ड्रम पूर्ण भरला आणि झाकण घट्ट केलं तरी तो समुद्रावर तरंगतो. रीफच्या बाहेर बोट उभी करायची, ड्रम एका दोराला बांधून पाण्यात सोडायचे. लाटाच ते कड्यावरून आत टाकतील. आतली माणसं ओढून घेतील. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, नकाशा पाहिला आणि म्हणाले, "करा. पण बोटीतून कुणी उतरायचं नाही. ऑर्डर आहे."

"येस सर."

मशीनचं सगळं पाणी निळ्या ड्रमांत भरलं. त्या दिवशी कॅम्पातल्या कुणी तोंड धुतलं नाही. ड्रम धक्क्यावर नेताना मी आंतोनला हळूच म्हणालो, "मीना तिकडं आहे हे साहेबांना माहीत नाही. सांगू का?"

"नको. सांगितलंस तर मला नेणार नाहीत. ही फट माझ्याइतकी इथं कुणाला ठाऊक नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "काराले, ती काल रेडिओवर का बोलली नाही ते आता कळलं."

ती रोज सकाळच्या चेकनंतर बापाशी दोन शब्द बोलायची. आदल्या दिवशी मास्तर म्हणाले होते, झोपली आहे. मी साहेबांना काही सांगितलं नाही.

दुपार कलायच्या आत बोट निघाली. आंतोन आणि त्याचे दोन जवान. मी सेटवर. साहेब माझ्या मागं उभे. त्यांना बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बेस, हे आंतोन. रीफच्या बाहेर पोचलो. लाट मोठी आहे. ओव्हर."

"रॉजर. मास्तर, तुमची माणसं तयार? ओव्हर."

"तयार आहेत सर. आत गळ्याइतक्या पाण्यात उभी आहेत. ओव्हर."

"आंतोन, सोडा."

मग मास्तरांचा आवाज फुटला. "आले! आत आले! दोन आले, आणखी येतायत!" मागं बायामाणसांचा कालवा ऐकू येत होता. मास्तर म्हातारा माणूस, पण शाळा सुटल्यावर पोरं ओरडतात तसा ओरडत होता. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बेस, आंतोन. अर्धे गेले. बाकीच्यांचा दोर पोवळ्यात अडकला. ओव्हर."

साहेबांनी माइक घेतला. "दोर कापा. जेवढे गेले तेवढे पुरेत. ओव्हर."

"सर, समुद्र उतरेपर्यंत अर्धे पुरणार नाहीत. मुलं बरीच आहेत. ओव्हर."

"आंतोन, पाण्यात उतरायचं नाही. कबूल कर. ओव्हर."

मग त्याच्या जवानाचा आवाज आला. "सर, सार्जंट उतरले."

पुढचं मला त्या जवानानं नंतर सांगितलं. आंतोन दोर धरून कड्यापर्यंत गेला. गाठ पोवळ्यात रुतली होती ती त्यानं सुरीनं मोकळी केली. ड्रम सुटले आणि एकामागून एक आत गेले. तेवढ्यात मागून जी लाट आली तिनं त्याला रीफवर आपटलं. जवानांनी दोर टाकला, हाका मारल्या. तो दिसला नाही.

आम्ही सेटवर ऐकलं ते एवढंच: "सर, सार्जंट दिसत नाहीत." आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं मास्तर, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, आनंदानं सांगत होते, "सगळे आले सर! पाणी चाखलं! दू सर, दू!"

साहेब म्हणाले, "कराळे, उन्हें बताना पड़ेगा." मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. रेडिओवर रडायचं नसतं, म्हणून नंतर रडलो.

संध्याकाळच्या ओहोटीला रीफच्या आत, बेटाच्याच बाजूला, तो सापडला. दोन दिवसांनी समुद्र उतरला तेव्हा मी आणि कॅप्टनसाहेब पलीकडच्या बेटावर गेलो. त्या देशाचे राष्ट्रपतीही आले. धक्का लाटेनं मोडला होता, म्हणून तेही आमच्यासारखे मांडीइतक्या पाण्यातून चालत आले, आणि बूट हातात घेऊन आंतोनच्या अंगणात चटईवर बसले. भाषण केलं नाही. मास्तरांना एवढंच विचारलं की काय झालं, आणि मास्तरांनी शब्दाची गोष्ट सांगितली. त्याच आठवड्यात सरकारी हुकूम निघाला, की यापुढं रेडिओवर पाण्याला स्वीट किंवा सॉल्ट म्हणायचं, फ्रेश म्हणायचं नाही. छोट्या देशाचं हे असं असतं. एका माणसाचं मरण चटईवरून थेट कायद्यात जातं.

साहेब लीझपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "प्रश्न मी विचारला होता." ती म्हणाली, "पाण्यात उतरू नको हेही तुम्हीच सांगितलं होतं. त्यानं माझंही कधी ऐकलं नाही." साहेब बाहेर जाऊन नारळाखाली उभे राहिले, पाठ करून.

त्या बेटावर एक रीत आहे. माणूस गेलेल्या घरी शेजारी फुलं नेत नाहीत, अन्न नेत नाहीत. पाणी नेतात. प्रत्येक घर आपल्या वाट्याचं गोडं पाणी भांड्यातून आणून त्या घरच्या घागरीत ओततं. त्या दिवशी बेटावर पाणी होतं ते फक्त निळ्या ड्रमांतलं. लोक तेच मोजकं पाणी मगात घेऊन येत होते आणि ओतून जात होते. मीना आईच्या मांडीवर होती. गाल बसलेले होते, पण डोळे उघडे होते आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत होती.

लीझनं घागरीतून ग्लास भरला आणि माझ्यापुढं धरला. मी घेतला, पण तोंडाला लावता येईना.

ती म्हणाली, "पी, काराले. दू आहे."

मी प्यालो.